पडद्याच्या तळाशी

उर्मास पाळकाने सिनेमा आणला तेव्हा
मी आधी पैसे विचारले, मग लांबी.
एकशे सात मिनिटं, तो म्हणाला, अमेरिकेतला आहे,
आणि पैसे थोडे.
आमच्या वोरू गावात इंग्रजीचं एस्टोनियन
माझ्याइतकं स्वस्त कुणी करून देत नाही.
माझ्यासारखा देव न मानणारा शोधायलाही
फार लांब जावं लागत नाही,
शेजारचं दार वाजवलं तरी पुरतं.

एका ओळीत बेचाळीस अक्षरं. फार तर दोन ओळी.
याच मापात मी आजवर खून बसवले,
घटस्फोट बसवले, मगरींवरचा एक माहितीपट बसवला.
पाट्या टाकायचं काम, अक्षरशः.

सिनेमात एक नास्तिक होता.
अर्थातच प्राध्यापक. अर्थातच एकटा,
फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि एक बाटली.
लहानपणी आई गेली म्हणून देवावर रुसलेला.
त्याची वाक्यं उतरवताना माझा हात अडखळला.
माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, अजून बटाटे लावते.
मी कुणावर रुसलेलो नाही.
ज्याच्या घरी कधी पाऊल टाकलं नाही
त्याच्याशी भांडण कुठून आणू?

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला त्याला रडू फुटतं.
व्हायोलिनं त्याच्याआधीच रडायला बसलेली.
तिथे तो एक शब्द म्हणतो: कृपा.
आमच्याकडे कृपेला आणि जखमेच्या व्रणाला
एकच शब्द आहे, आर्म.
षष्ठी लावली की दोन्ही वेगळे होतात,
तोवर नाही.
मी षष्ठी न लावता सोडून दिला.

पण त्याआधी, बावन्नाव्या मिनिटाला,
आजारी मुलाची आई
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते.
'हे प्रभू,' म्हणते.
आणि पुढे काहीच नाही.
वायपर चालू, पाऊस केव्हाचा थांबलेला,
कोरड्या काचेवर रबर करकरतंय,
ती पार्किंगच्या पावतीची घडी घालते,
उलगडते, पुन्हा घालते.
अठरा सेकंद.
दिग्दर्शकाचा बहुधा डोळा लागला असावा.
मला खाली काही लिहायचं नव्हतं.
तो तुकडा मी चार वेळा मागे नेला,
वेळ जुळवायला, असं स्वतःला सांगत.

अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला मुलगा बरा होतो.
खिडकीत सूर्य, वेळेवर.

फेब्रुवारीत खेळ लावला, सांस्कृतिक भवनात,
बाहेर उणे एकोणीस.
चौदा माणसं. नऊ चर्चची,
उरलेली हीटरसाठी
आणि मध्यंतरातल्या क्रीम भरलेल्या पावांसाठी.
शेवटी दिवे लागले. चर्चच्या बायकांनी डोळे पुसले,
खरेच पुसले, त्यात खोटं काही नव्हतं.
मग काल्यू प्लंबर, नार्वाहून नवीनच आलेला,
मिशीला क्रीम, हात वर करून म्हणाला,
'पण पोरगा बरा झाला नसता तर?'

आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागलो.
लेइदाला जाऊन तीन हिवाळे झालेत
हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?
तिच्यासाठी त्याच चर्चमध्ये
याच नऊ माणसांनी
अख्खा शरद ऋतू गुडघे टेकले होते.

उर्मासने चष्मा काढला, पुसला, घातला.
वाटलं, आता वचन येणार, अध्यायासकट.
'तो सिनेमा,' तो म्हणाला,
'मीही शोधतोय.'

काल्यूने मान डोलावली
आणि आणखी एक पाव घेतला.

खुर्च्या आम्ही दोघांनीच आवरल्या.
त्याने पाठमोरं विचारलं, 'तुला कसा वाटला?'
'अठरा सेकंद चांगला होता,' मी म्हणालो.

कुठले, ते त्याने विचारलं नाही.
एक खुर्ची मिटत नव्हती.
तिच्या बिजागरीवर तो बराच वेळ
अंगठा दाबून उभा राहिला.